पांढऱ्या ओळीत काही केलं नाही

३ नोव्हेंबर

आजपासून दोन वह्या. एक निळी, डॉक्टरीणबाईंनी दिलेली. तिच्यात तारीख, पाऊस आणि 'शेतात काय केलं' एवढंच लिहायचं. दुसरी ही. हिच्यात खरं. ही कोणी वाचायची नाही. निएवेस तर नाहीच. छत्तीस वर्षं संसार केला म्हणून बायकोने नवऱ्याचं सगळंच वाचायचं नसतं.

प्रयोगासाठी चौदा शेतं निवडली, त्यात माझं. पोन्सियानोचंही आहे, पण ते माझ्या शेताला लागून आहे म्हणून असेल. मध्ये फक्त दगडी बांध.

प्रकरण असं की ट्रफलला, म्हणजे ओकच्या मुळांशी जमिनीखाली वाढणाऱ्या महागड्या काळ्या अळंबीला, भुंगा लागतो. गव्हाच्या दाण्याएवढा, गंजलेल्या रंगाचा. त्याची अळी जमिनीखाली ट्रफल आतून पोखरते. वरून बघावं तर काळं, टणक, सुंदर. कापलं की आत वस्ती. त्याच्यावर परवानगी असलेलं औषधच नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, औषध मिळेल, पण आधी ते ट्रफलमध्ये उरत नाही हे सिद्ध करायला हवं. ट्रफल कोणी शिजवत नाही, सोलत नाही. वरून किसतात आणि कच्चंच खातात. औषध उरलं तर थेट पोटात.

हे मला आधीपासून माहीत होतं. फक्त या शब्दांत नव्हतं.

संकल्प: नियम तंतोतंत पाळायचे. बढाई मारायची नाही. रिपोर्टात नाव छापून येईल तेव्हा नम्र राहायचं.

५ नोव्हेंबर

फवारणी झाली. ओकच्या बारा ओळी. सहांना लाल फीत, म्हणजे औषध. सहांना पांढरी, म्हणजे काही नाही. डॉक्टरीणबाईंचं नाव लेइरे. सारागोसाच्या लॅबमधून येतात, वय तिशीचं, बूट महागाचे. म्हणाल्या, "सेन्योर मोनलेओन, पांढऱ्या ओळींत काहीही करायचं नाही. औषध नाही, खत नाही, चुलीतली राखसुद्धा नाही. त्या तशाच राहिल्या तरच लाल ओळींत काय झालं ते आम्हाला कळेल."

मी म्हणालो, काही न करणं मला कोणी शिकवायला नको.

निएवेस म्हणाली, हे मात्र अगदी खरं.

मला पांढरा सूट, मास्क आणि ग्लोव्हज घालायला लावले. सूट पोटावर बसेना. आमचे वडील औषध काठीने ढवळायचे आणि काठी सापडली नाही तर हाताने, असं मी सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, वडील किती वर्षं जगले? मी विषय बदलला. फवारणी होईपर्यंत मला पन्नास मीटर लांब उभं केलं. बहुधा एकूण देखरेखीसाठी.

लॅबचा रिपोर्ट येईपर्यंत या शेतातलं ट्रफल विकायचं नाही, खायचं नाही.

८ नोव्हेंबर

निळ्या वहीत: काही केलं नाही.

कासिल्दाच्या बारमध्ये सांगितलं की मी आता सायन्समध्ये आहे. ही बढाई नाही. माहिती.

११ नोव्हेंबर, संध्याकाळ

सापळे मोजले. सापळा म्हणजे जमिनीत काठोकाठ पुरलेला डबा, त्यात भुंगे पडतात. लाल ओळींत मिळून नऊ भुंगे. पांढऱ्यांत एकशे चाळीस. त्यातले एकसष्ट एकट्या बाराव्या ओळीत. बारावी माझी सर्वांत चांगली ओळ.

पोन्सियानोच्या पांढऱ्या ओळींत सगळे मिळून अठ्ठ्याऐंशी. तो बांधावरून ओरडला, "काय रे, भुंग्यांची सासुरवाडी आहे का तुझ्याकडे?"

मी हसलो. मग हसलो नाही.

लॅबमध्ये हा आकडा वाचून लोक काय म्हणतील? मोनलेओनची जमीन किडकी. मोनलेओनची! ज्याच्या शेताला बावीस वर्षांत थेंबभर विष लागलेलं नाही!

१२ नोव्हेंबर

शेडमध्ये जुना डबा सापडला. मी शोधत नव्हतो. बटाट्याच्या पोत्यांमागच्या फळीमागे, कुलूप लावलेल्या पेटीत होता. सहज नजरेस पडला. मेंढ्यांना गोचिडांसाठी ज्यात बुडवायचो ते औषध. मेंढ्या विकून अठ्ठावीस वर्षं झाली. लेबल उंदरांनी खाल्लं आहे. उंदरांना काही झालं का, माहीत नाही. दिसले तरी नाहीत.

विचार केला. हे औषध मेंढ्यांच्या अंगाला लागायचं. मेंढ्या आम्ही खाल्ल्या. मी एकसष्ट वर्षांचा आहे आणि ठणठणीत आहे. म्हणजे औषध सुरक्षित. सायन्स याहून वेगळं काय करतं?

तरी टाकणार नाही. नियम म्हणजे नियम.

१३ नोव्हेंबर, सकाळ

टाकलं. फक्त बाराव्या ओळीत. फक्त अर्धा डबा. दाट धुकं होतं म्हणून बांधापलीकडून कोणाला दिसलं नाही. धुकं मी निवडलेलं नाही, आलं.

हे फसवणूक या सदरात येत नाही. लॅब फक्त स्वतःचं औषध शोधणार. जे शोधलंच नाही ते सापडणार कसं?

निळ्या वहीत: काही केलं नाही. धुकं.

१४ नोव्हेंबर

डोकं दुखतंय. डोळ्यांना धार लागली आहे, तोंडाला पाणी सुटतंय, हात थरथरतायत. धुक्याने होतं असं. निएवेसने विचारलं, कशात हात घातला होतास? मी म्हणालो, कामात. ती म्हणाली, मग सवय नसल्यामुळे होत असेल.

१९ नोव्हेंबर

पहिलं सॅम्पल. पोन्सियानो मार्केसाला घेऊन आला. ही त्याची कुत्री: तपकिरी, बुटकी, एक कान अर्धा तुटलेला. पण जमिनीखाली हातभर खोल असलेलं ट्रफल तिला वासाने कळतं. माझी कुत्री मेल्यापासून पाच वर्षं दोन्ही शेतांत मार्केसाच फिरते. पोन्सियानो आपणहून आणतो. मी कधी मागितली नाही. आभारही मानले नाहीत. मैत्रीत ते बरं दिसत नाही.

बाराव्या ओळीत तीन सापडली. डॉक्टरीणबाईंनी ग्लोव्हज घालून पिशव्यांत भरली, नंबर टाकले. मार्केसा त्या ओळीत दोनदा शिंकली. पोन्सियानो म्हणाला, "आज हिचं काहीतरी बिनसलंय."

एक चौथंही सापडलं होतं, छोटं. ते चुकून खिशात गेलं.

२० नोव्हेंबर

अंड्यांवर किसून खाल्लं. निएवेसने हात लावला नाही. म्हणाली, रिपोर्ट आला की खाईन, तोपर्यंत तू खा आणि काय होतं ते मला सांग.

दुपारपासून पोट बिघडलं. अंडी शिळी असणार.

२९ नोव्हेंबर

डॉक्टरीणबाई स्वतः आल्या. चेहरा गंभीर. लाल ओळींचं चांगलं चाललंय, औषध वेगाने उतरतंय. पण माझ्या बाराव्या ओळीच्या तिन्ही ट्रफलमध्ये तिसरंच काही सापडलं. जुनं विष, कित्येक वर्षांपूर्वी बंदी आलेलं. म्हणाल्या, "हे आमचं नाही. लॅब एकाच औषधाची नाही, शेकडोंची तपासणी करते. सेन्योर मोनलेओन, या ओळीत तुम्ही काही टाकलं होतंत का?"

मी निळी वही दाखवली. काही केलं नाही, काही केलं नाही, धुकं.

त्यांनी वाचली. मग विचारलं, "मग हे कुठून आलं?"

मी फक्त बांधाकडे पाहिलं. माणूस बांधाकडे पाहू शकतो. तो त्याचाच बांध आहे.

त्यांनीही पाहिलं. वहीत काहीतरी लिहिलं.

नंतर शांतपणे हिशेब मांडला. मी टाकलं ते अगदी थोडं. सापडलं ते पुष्कळ. म्हणजे मधला फरक कोणीतरी दुसऱ्याने टाकला असणार. बारावी ओळ बांधालगत आहे. पोन्सियानोकडे अजून मेंढ्या आहेत. मला दोष द्यायचा नाही. पण गणित गणित आहे.

३० नोव्हेंबर

कासिल्दाच्या बारमध्ये विषय निघाला. मी काढला म्हणून निघाला. मी एवढंच म्हणालो की वारा बांध बघत नाही आणि मेंढ्या कोणाकडे आहेत ते गावाला माहीत आहे. नाव घेतलं नाही. कासिल्दाने विचारलं, पोन्सियानो का? तेव्हा घेतलं.

येताना शेडमधला डबा आठवला. उरलेलं औषध बाराव्या ओळीच्या टोकाला सशाच्या बिळात ओतलं, वर माती टाकली. पुरावा नव्हे. केरकचरा.

२ डिसेंबर

पोन्सियानोच्या शेतावर तपासणी लागली. निकाल लागेपर्यंत त्याचं ट्रफलही थांबवलं. ऐन हंगामात.

तो बांधाशी आला. ओरडला नाही. ओरडला असता तर उत्तर देता आलं असतं. म्हणाला, "एलादिओ, आपण ही झाडं एकाच कुदळीने लावली. दांडा तुटला तेव्हा तू हसत बसलास आणि नवा मी घातला. माझ्याबद्दल काही वाटलं तर तोंडावर विचारायचंस. बारमध्ये का बोललास?"

मी म्हणालो, मी फक्त वाऱ्याबद्दल बोललो.

तो म्हणाला, "वारा त्या दिवशी नव्हता. धुकं होतं. तुझ्याच वहीत आहे. डॉक्टरीणबाई माझी चौकशी करायला आल्या तेव्हा त्यांनीच सांगितलं."

कोणत्या दिवशी ते मी त्याला विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही. घरी येऊन झोपलो.

३ डिसेंबर

फवारणीला अठ्ठावीस दिवस पूर्ण. दुसरं सॅम्पल. डॉक्टरीणबाईंच्या शब्दाखातर पोन्सियानो मार्केसाला घेऊन आला. माझ्याकडे बघितलं नाही. कुत्रीने बघितलं, शेपूट हलवली.

पहिल्या अकरा ओळी व्यवस्थित. बाराव्या ओळीत ती धावत थेट टोकाला गेली आणि सशाचं बीळ उकरायला लागली. मी ओरडलो, तिथं नाही! पोन्सियानो म्हणाला, "तू ओरडू नकोस तिच्यावर." तिने तोंड आत घातलं, काहीतरी चाटलं.

पाच मिनिटांत तोंडातून लाळ. डोळ्यांतून पाणी. मग पाय थरथरायला लागले, मग उभंच राहता येईना. पोन्सियानोने उचलली, माझ्या गाडीत घातली. माझीच जवळ होती. डॉक्टरीणबाई मागे बसल्या, कुत्रीचं डोकं मांडीवर.

गुरांच्या डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं? पोन्सियानो म्हणाला, "यांच्या प्रयोगाचं औषध असणार, दुसरं काय." डॉक्टरीणबाई पांढऱ्याफटक पडल्या. म्हणाल्या, आमच्या औषधाने असं होऊच शकत नाही. पण उद्या चौदाच्या चौदा शेतांचा प्रयोग बंद होईल हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

डॉक्टर म्हणाले, "विष कुठलं ते नक्की कळलं तर इंजेक्शन ठरवता येईल. अंदाजाने दिलं तर हिला झेपायचं नाही. वेळ कमी आहे."

मी खिडकीजवळ उभा होतो. खिडकीबाहेर एक ट्रॅक्टर चालला होता. तो दिसेनासा होईपर्यंत पाहिला.

मग सांगितलं. मेंढ्यांचं औषध. गोचिडांचं. बिळात ओतलं होतं.

डॉक्टर: कोणाच्या मेंढ्या?

मी: माझ्या.

पोन्सियानो: तुझ्याकडे मेंढ्या कुठेत?

मी: आता नाहीत. औषध आहे. होतं. अर्धं बिळात. अर्धं आधीच बाराव्या ओळीत.

डॉक्टरांनी कपाट उघडलं आणि सुई भरली. पोन्सियानो कुत्रीच्या पोटावर हात ठेवून होता. हात उचलला नाही. मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तसं त्याने माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं. अनोळखी माणसाकडे बघतात तसं.

मी सहकार्य केलं, असं लिहिणार होतो. नको.

४ डिसेंबर

कुत्री जगली.

निएवेसला सगळं कळलंय. ती ओरडली नाही. फक्त शेडमधली पेटी अंगणात आणून उलटी ठेवली आणि तशीच राहू दिली.

८ डिसेंबर

पोन्सियानोकडे माफी मागायला निघालो. वाटेत आठवलं, रविवारी दुपारी तो झोपतो. परत आलो.

९ डिसेंबर

निघालो. त्याच्याकडे पाहुणे असावेत असं वाटलं. परत.

११ डिसेंबर

निघालो. गुडघा दुखत होता. दारापर्यंत गेलो, दार वाजवलं, आणि कोणी उघडायच्या आत परत. निएवेस म्हणाली, "लहान मुलं असंच करून पळतात. पण ती तुझ्यापेक्षा वेगाने पळतात. तो खिडकीतून बघत होता."

१२ डिसेंबर

ती बरोबर आली. मला पुढे ढकलून स्वतः फाटकाशी उभी राहिली. पळायला वाट नाही.

पोन्सियानोने दार उघडलं. मी बरंच पाठ केलं होतं. माणूस, माती, भुंगा, उद्वेग असा क्रम होता. तो म्हणाला, "इथं नको. जिथं माझं नाव घेतलंस तिथं परत घे."

संध्याकाळी कासिल्दाचा बार भरलेला. फुटबॉलची मॅच चालू. मी उभा राहून म्हणालो, विष मी टाकलं होतं, पोन्सियानोचा काही संबंध नाही. कोणाला ऐकू गेलं नाही. कासिल्दाने टीव्हीचा आवाज बंद केला आणि म्हणाली, "काय म्हणालास? पुन्हा सांग, मागच्यांनाही कळू दे."

पुन्हा सांगितलं. मागच्यांना कळलं.

बाकी भाषण राहून गेलं. चांगलं होतं.

पोन्सियानो कोपऱ्यात होता. ग्लास संपवला, उठला, जाताना माझ्या खांद्याला न लागता गेला. बार अरुंद आहे. न लागता जायला बरंच आवरून घ्यावं लागतं.

२० जानेवारी

सूट घातलेले चार लोक आले. बाराव्या ओळीच्या टोकाची माती खणून पिंपांत भरून घेऊन गेले. माझ्या शेतातलं ट्रफल स्वच्छ ठरेपर्यंत विकायला बंदी. कधी ठरेल? एक म्हणाला, ते माती सांगेल.

पोन्सियानोच्या शेतात काही सापडलं नाही. त्याचं ट्रफल सुटलं. निम्मा हंगाम गेला होता.

६ मार्च

रिपोर्ट आला. निएवेसने मोठ्याने वाचला. औषध अठ्ठावीस दिवसांत मर्यादेच्या खाली उतरतं, भुंगा आटोक्यात येतो, परवानगीसाठी अर्ज करायला हरकत नाही. तेरा शेतांचे निकाल. खाली बारीक अक्षरात: एक शेत वगळण्यात आलं.

मी म्हणालो, वगळलं म्हणजे वेगळं काढलं. खास.

निएवेस म्हणाली, "एलादिओ."

एवढंच.

डॉक्टरीणबाईंना फोन केला. माझ्या शेताच्या अनुभवातून काही शिकायला मिळालं असेल तर नाव टाकायला हरकत नाही, असं सुचवलं. त्या म्हणाल्या, वगळलेल्या शेतकऱ्याचं नाव त्याच्या भल्यासाठीच गुप्त ठेवतात. मग थोडं थांबून म्हणाल्या, "त्या दिवशी तुम्ही बोललात म्हणून प्रयोग वाचला, सेन्योर मोनलेओन. चाळीस मिनिटांनी का होईना."

चाळीस नसतील. पंचवीस असतील.

१४ मार्च

हंगामाचा शेवटचा दिवस. डॉक्टरीणबाईंना बाराव्या ओळीतलं एक ट्रफल हवं होतं, विष किती उतरलं ते पाहायला. पोन्सियानो मार्केसाला घेऊन आला. आपणहून नाही, त्यांनी विनंती केली म्हणून. कुत्री बांधापर्यंत आली आणि बसली. त्याने हाक मारली, ओढली, समजावलं. ती काही बांध ओलांडेना. पोन्सियानो म्हणाला, "मी तिला जबरदस्ती करणार नाही."

मग मी सूट घातला, ग्लोव्हज घातले, मास्क लावला आणि बाराव्या ओळीत हातापायांवर रांगायला लागलो. ट्रफल मोठं झालं की वरच्या मातीला बारीक भेग पडते, ती शोधायची. पोटावर सूट ताणला होता. मास्क थोडा वर केला, तर डॉक्टरीणबाई ओरडल्या. खाली केला.

तासभर काही नाही. निएवेस बांधावर येऊन बसली. मग पोन्सियानोही बसला, मध्ये कुत्री.

मग त्याचा आवाज आला. "डावीकडे."

मी सांगितलं, मी कुत्रा नाही.

"माहीत आहे. कुत्र्याला एवढा वेळ लागत नाही. डावीकडे हो, लेका. त्या झाडाच्या पलीकडे. शोध! शोध!"

तीन महिन्यांत तो माझ्याशी पहिल्यांदा बोलला. डावीकडे झालो.

भेग होती. बोटांनी उकरलं. लिंबाएवढं, काळं, टणक, सुंदर. वर धरलं. निएवेसने टाळ्या वाजवल्या. डॉक्टरीणबाईंनी चिमट्याने घेतलं, पाटीवर ठेवून सुरीने कापलं.

आत अळ्या. झुंडीच्या झुंडी वळवळत होत्या. धष्टपुष्ट.

डॉक्टरीणबाईंनी वाकून मोजल्या. वहीत लिहिलं आणि मला वाचून दाखवलं: बारावी ओळ, अळ्या एकोणतीस, जिवंत, परिणाम नाही.

पोन्सियानो इतका हसला की त्याला बांधाला धरावं लागलं. मग त्याने खिशातून सुक्या सॉसेजचा तुकडा काढला, ट्रफल सापडलं की मार्केसाला देतो तसा, आणि माझ्याकडे फेकला. "शाब्बास."

मी झेलला.

डॉक्टरीणबाई ओरडल्या, त्या ग्लोव्हजनी नाही!

तो तुकडा त्यांनी पिशवीत टाकला. पोन्सियानोने दुसरा काढला आणि बांधाच्या दगडावर ठेवला. मी ग्लोव्हज उतरवले, सूट उतरवला, नळावर जाऊन साबणाने तीनदा हात धुतले. मग खाल्ला.